मालवण ते देवबाग : समुद्री कयाकिंगची एक सकाळ

समुद्री कयाकिंग म्हणजे अरुंद, निमुळत्या होडीत पाय पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने किनाऱ्याच्या कडेकडेने प्रवास करायचा. इंजिन नाही, शीड नाही आणि खोल समुद्र गाठण्याची हौसही नाही. किनारा नजरेत ठेवून एका पुळणीवरून निघायचे आणि काही तासांनी दुसऱ्या पुळणीवर उतरायचे, एवढाच आराखडा. पर्यटनस्थळी भाड्याच्या कयाकमधून खाडीत मारलेली अर्ध्या तासाची फेरी मजेची असते, पण ती गोष्ट वेगळी. तिथे निघायची आणि परतायची जागा एकच असते. शिवाय कधी निघावे, कुठवर जावे, कधी वळावे हे दुसऱ्याने ठरवलेले असते. समुद्री कयाकिंगमध्ये हे ठरवणे हाच अर्धा खेळ आहे, आणि गटाने निघालेल्या सहलीत ते कसे ठरवायचे याच्याही रूढ पद्धती आहेत.

ही होडी मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातली. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का आणि अल्यूशियन बेटे इथल्या इनुइट, युपिक व उनांगन लोकांनी ती सीलसारख्या सागरी प्राण्यांच्या शिकारीसाठी घडवली. झाडे विरळा असलेल्या त्या मुलखात समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले लाकूड आणि हाडे यांचा सांगाडा करत आणि त्यावर सीलचे कातडे शिवून ताणत. होडी ज्याची त्याच्याच मापाने बेतलेली असे. सावजाला चाहूल लागू न देता जवळ जायचे म्हणून ती अरुंद आणि बुटकी, तर गार पाणी आत येऊ नये म्हणून वरून बंद. बसायच्या भोकाभोवती शिकाऱ्याचा अंगरखाच घट्ट आवळलेला असे. अशा पाण्यात उलटून बाहेर पडणे म्हणजे गारठून मरणे. त्यामुळे आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या आणि कमरेच्या हिसक्याने पुन्हा सुलटे होण्याचे कसब त्यांनी कमावले. त्याला आता सगळीकडे ‘रोल’ म्हणतात.

युरोपीयांना हे कसब फार उशिरा साधले. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटाला ते १९२७ मध्ये जमले. ब्रिटिश संशोधक जीनो वॉटकिन्स १९३०-३१ च्या ग्रीनलंड मोहिमेत ते स्थानिक शिकाऱ्यांकडून शिकला आणि त्यात चांगला तरबेज झाला. ऑगस्ट १९३२ मध्ये तो ग्रीनलंडच्या एका खाडीत एकटाच सीलच्या शिकारीला गेला. पुढे त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. वय अवघे पंचवीस. नेमके काय झाले ते कुणालाच कळले नाही, कारण पाहायला सोबत कुणी नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत घडीची कयाक निघाली. लाकडी सांगाडा सुटा करायचा, रबर लावलेले कापड गुंडाळायचे आणि सगळे घेऊन आगगाडीत बसायचे. अशाच कयाकमधून ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये डॅन्यूबकाठच्या उल्म शहरातून निघाला. सायप्रसच्या खाणीत काम मिळवायचे, इतकाच त्याचा मूळ बेत होता. पण युफ्रेटिस नदी, इराणचे आखात, हिंदुस्थानचा पश्चिम किनारा, सिलोन, ब्रह्मदेश, इंडोनेशियाची बेटे असे करत तो १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला लगेच स्थानबद्ध करण्यात आले. थोडक्यात, आपल्या किनाऱ्याला कयाक काही आज दिसलेली नाही. अलीकडे, २०१५ मध्ये, मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी मुंबई ते गोवा हे सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर कयाकने एकट्याने कापले आणि मराठी वर्तमानपत्रांतही या खेळाचे नाव येऊ लागले.

आजची समुद्री कयाक साधारण १४ ते १८ फूट लांब आणि २० ते २४ इंच रुंद असते. ती फायबरग्लासची किंवा जाड प्लॅस्टिकची असते आणि रिकामी असताना तिचे वजन २० ते ३० किलो भरते. लांबीमुळे ती सरळ चालते आणि अरुंदपणामुळे थोड्या ताकदीत पुढे जाते. आत आडव्या भिंती घालून पुढे-मागे हवाबंद कप्पे केलेले असतात. त्यामुळे बसायच्या जागेत पाणी भरले तरी होडी बुडत नाही, आणि कप्प्यांत जेवण, पाणी, कोरडे कपडे राहतात. वरच्या अंगाला टोकापासून टोकापर्यंत दोर ओवलेला असतो. पाण्यात पडलेल्याला धरायला काही हवे, म्हणून तो. दुसरा प्रकार वर बसायच्या कयाकचा. तिला भोक नसते, खोलगट जागा असते, आणि आत आलेले पाणी तळातल्या छिद्रांतून आपोआप खाली जाते. कोकणात आणि गोव्यात सर्रास दिसते ती हीच. थंड देशांतले जुने वल्हेकरी तिला फारसा मान देत नाहीत. पण जिथे समुद्राचे पाणी वर्षभर अंघोळीला चालेल असे असते, तिथे पडल्यावर सहज परत चढता येणारी होडी कमी दर्जाची मानायला काही कारण नाही.

नवख्याला पहिली भीती वाटते ती डुगडुगण्याची. कोकणातल्या पारंपरिक होड्यांनी हा प्रश्न उलांडी लावून सोडवला. होडीपासून दोन दांड्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला तरंगते लाकूड बांधले की होडी त्या बाजूला कलंडत नाही. कयाकमध्ये उलांडीचे काम कंबर आणि वल्हे मिळून करतात. कंबर सैल ठेवली तर होडी लाटेबरोबर खालच्या खाली हलते आणि माणूस वर सरळ राहतो. भीतीने अंग ताठ केले की दोघेही एकदम कलतात. तोल जातोय असे वाटले तर वल्ह्याचे पाते त्या बाजूला पाण्यावर सपाट थापटायचे. तेवढ्या आधारावर होडी सावरते. हे पुळणीजवळ कंबरभर पाण्यात आधी करून पाहावे लागते. वाचून ते येत नाही.

गटाने करायच्या एका दिवसाच्या सहलीसाठी मालवण ते देवबाग हा टप्पा चांगला नमुना आहे. दहा-अकरा किलोमीटरच्या या वाटेवर वर्दळीचे बंदर आहे, खडकांनी वेढलेला जलदुर्ग आहे, तारकर्लीची मोकळी लांब पुळण आहे आणि शेवटी कर्ली नदीचे मुख आहे. किनारी कयाकिंगमधल्या बहुतेक अडचणी इथे एकामागून एक, बऱ्याच सौम्य रूपात भेटतात.

हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात इथला समुद्र कयाकचा नाही. यांत्रिक मासेमारीलाही तेव्हा बंदी असते आणि जलक्रीडाही बंद ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मच्छीमार होड्या पुन्हा पाण्यात घालतात, पण वल्ह्यावर चालणाऱ्या हौशी माणसाने त्यानंतरही आणखी काही आठवडे थांबलेले बरे.

हिवाळ्यात वाऱ्याचे वेळापत्रक ठरलेले असते. शाळेच्या भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे रोज कामाला येतात. रात्री जमीन लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे मंद मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी तेलासारखे संथ असते. ऊन चढले की जमीन तापते आणि दुपारपर्यंत समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. कोकणात तो बहुधा वायव्येकडून येतो. यातून दोन गोष्टी ठरतात. निघायचे ते उजाडताच आणि वारा चढायच्या आत उतरायचे. आणि जायचे ते उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे वारा लवकर सुटलाच तरी तो पाठीशी असेल. देवबागहून मालवणला निघालेला गट उशीर झाल्यास तोंडावर वारा घेत शेवटचे तीन किलोमीटर दीड तास रेटत बसतो. पहाटेचा मतलईही अगदी निरुपद्रवी समजू नये. काठाजवळ तो जाणवत नाही, कारण माडांच्या आडोशाला पाणी शांत दिसते. पण किनाऱ्यापासून दूर गेलेल्या होडीला तो हळूहळू आणखी बाहेर ढकलत असतो.

भरती-ओहोटीसाठी मोबाइलवर तक्ते मिळतात, पण किनाऱ्यावरच्या माणसाला पंचांगही पुरते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवणला ती त्याआधी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असते आणि त्या काळात पाणी एकसारख्या वेगाने हलत नाही. पहिल्या तासात एकूण चढउताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक असा ठोकताळा आहे. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत सरते. मोकळ्या पुळणीसमोर याने विशेष फरक पडत नाही. नदीच्या मुखाशी मात्र हेच दोन तास सर्वांत वाईट.

मालवण-देवबागच्या बेतात सगळे गणित त्या मुखापासून मागे मोजले जाते. गट तासाला चार-साडेचार किलोमीटर चालतो. वाटेत थांबे धरले तर तीन-साडेतीन तास. सकाळी साडेसहाला निघालेला गट दहाच्या सुमारास मुखाशी पोहोचेल, आणि तेव्हा भरती संपत आलेली किंवा पाणी थांबलेले हवे. चतुर्दशी-पौर्णिमेच्या आसपास वेळ जुळते, पण ते दिवस उधाणाचे. थोडा उशीर झाला तर ओहोटीची ओढ भारी असते. भांगाच्या दिवशी वेळ चुकीची पण ओढ हलकी. दोन्हींतले काय पत्करायचे ते गटाच्या तयारीवर ठरते, आणि नवख्यांचा गट असेल तर भांगाचा दिवस घेऊन मुखाच्या अलीकडेच पुळणीवर उतरणे हा शहाणपणाचा मार्ग. लाटांच्या उंचीचा अंदाज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या राष्ट्रीय संस्थेकडून रोज जाहीर होतो. तो आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे पाहायचा. या दोन्हींच्या जोडीला तिसरी विचारणा मालवणच्या धक्क्यावरच्या एखाद्या तांडेलाकडे. दूर कुठे वादळ होऊन आलेल्या लांब लाटा कोणत्या खडकावर फुटतात, हे त्याला तक्त्याशिवाय माहीत असते.

गटाची रचना किनाऱ्यावरच होते. साधारण सहा वल्हेकऱ्यांमागे एक अनुभवी नेता असावा आणि पिछाडीला दुसरा जाणता माणूस. नेत्याने पुढे काढलेल्या वाटेने सगळे जातात, पिछाडीच्या माणसाच्या मागे कुणी राहत नाही. मधल्यांची जोड्या-जोड्यांनी वाटणी होते आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवायचे. वेग ठरतो तो सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने. सांगायला हे सोपे असते. प्रत्यक्षात जोरकस तरुण पुढे निघून जातात, थांबून वाट पाहतात आणि मागचा धापा टाकत पोहोचला की ताजेतवाने पुन्हा निघतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळत नाही. नेता जाणता असेल तर हळू माणसाला पुढे आपल्या शेजारी घेतो आणि बाकीच्यांना त्याच्यामागे लावतो.

खुणा आधी ठरवून एकदा करून पाहतात, कारण वाऱ्यात शंभर मीटरवरचे ओरडणे ऐकू येत नाही. वल्हे डोक्यावर आडवे धरले तर थांबा. उभे धरले तर माझ्याकडे या. वल्ह्याने दिशा दाखवली तर तिकडे जा. इथे एक पथ्य कसून पाळतात : दाखवायची ती सुरक्षित वाट, खडक कधीच नाही. दुरून पाहणाऱ्याला नेता धोक्याकडे बोट करतोय की वाटेकडे, हे कळायला मार्ग नसतो. शिट्टी एकदा वाजली तर लक्ष द्या, तीनदा वाजली तर संकट. शिट्टी लाइफ जॅकेटलाच बांधलेली असते, आणि जॅकेट होडीत ठेवलेले नव्हे तर अंगात घालून बंद आवळलेले.

सामानाबाबत परदेशी पुस्तके थंडीबद्दल पानेच्या पाने लिहितात. कोकणात शत्रू ऊन आहे. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन टोपीच्या खालूनही चेहरा भाजते. म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती नव्हे तर चटकन वाळणारा सदरा, कानांवर येणारी टोपी, दोरी लावलेला चष्मा आणि माणशी निदान तीन लिटर पाणी. मीठ घातलेले कोकम सरबत किंवा पेज बाटलीत भरून नेणारे गट सोड्याच्या बाटल्या नेणाऱ्यांपेक्षा दुपारी बऱ्या स्थितीत असतात. फोन जलरोधक पिशवीत, आणि नेत्याजवळ पंधराएक मीटरचा ओढदोर, हातपंप व प्रथमोपचाराची पेटी.

होडी पाण्यात लोटल्यावर पहिली दहा मिनिटे वल्हे कसे मारायचे ते अंगवळणी पडण्यात जातात. नवखा माणूस दंडाने ओढतो आणि अर्ध्या तासात खांदे धरतात. खरे बळ पाठीतून आणि कमरेतून येते. पाते पावलांजवळ पाण्यात बुडवायचे, धड वळवत मागे आणायचे आणि नितंबाशी आल्यावर उचलायचे. पाय आतल्या पायटेकूवर रोवलेले असतात. ज्या बाजूला वल्हे, त्या पायाने दाब. वल्ह्यावरची मूठ सैल हवी. आवळून धरले तर मनगट सुजते, आणि मग उरलेली वाट फार लांब वाटते.

मालवण बंदरासमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आहे. त्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू केले आणि ते तीन वर्षांत पुरे झाले. जागा कशी निवडली ते कयाकमधून फार चांगले कळते. किल्ल्याभोवती पाण्याच्या जरा खाली खडक पसरलेले आहेत आणि त्यांतून आत येणाऱ्या वाटा अरुंद. मोठ्या जहाजाला जे अवघड, तेच हातभर पाण्यात चालणाऱ्या कयाकला सोपे, पण पूर्ण मोकळीक नव्हे. समोर पाणी सपाट दिसते, आणि तिसऱ्या-चौथ्या मोठ्या लाटेला तिथेच अचानक खडक उघडा पडून फेस उसळतो. त्यामुळे अनोळखी खडकांजवळ जाण्याआधी थांबून काही मिनिटे पाहत राहायचे. समुद्राकडच्या तटाला आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांना भिडतात आणि पाणी कुठूनही कसेही उडते. नवख्यांचा गट किल्ल्याच्या आतल्या, म्हणजे किनाऱ्याकडच्या बाजूने पद्मगडाजवळून जातो. तिथे प्रवासी होड्यांची ये-जा असते. त्यांची वाट आडवी ओलांडायची ती सर्वांनी एकत्र, काटकोनात आणि झटपट. इंजिनाच्या होडीवाल्याला कयाक फार उशिरा दिसते, आणि पांगलेल्या आठ कयाक चुकवणे त्याला अवघड जाते.

हा भाग मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या या सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या पट्ट्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड येतात. खडकांवर प्रवाळ आहेत, म्हणून ओहोटीला होडी त्यांवर टेकवणे किंवा उतरून चालणे टाळायचे. नोव्हेंबरपासून बाहेरच्या पाण्यात डॉल्फिनची पाठ दिसू शकते. दिसली तर वल्हे थांबवायचे. पाठलाग करण्यात अर्थ नाही. वल्ह्याने डॉल्फिन गाठता येत नाही आणि गट मात्र पांगतो.

पद्मगडानंतर दांडी, वायरी आणि मग तारकर्ली. पुळण सरळ, लांब आणि पार्श्वभूमीला माड. इथे गट लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेरून, काठापासून दोन-तीनशे मीटरवरून चालतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जेमतेम सव्वापटीवर आली की लाट फुटते. त्यामुळे फेसाची रेघ कुठे आहे ते पाहून उथळ पाण्याचा नकाशा बसल्या जागी कळतो. सकाळी याच पुळणीवर रापण लागते. जाळ्याचे एक टोक काठावर, मधला मोठा अर्धगोल समुद्रात आणि दुसरे टोक पुन्हा काठावर; दोन्हीकडून माणसे ओढत असतात. पाण्यावर बोयांची रांग दिसली की तिच्या बाहेरून लांब वळसा. कयाकमुळे जाळ्यातली मासळी बिथरली तर पंचवीस-तीस घरांची सकाळ वाया जाते, आणि अशा ठिकाणी गटाला पुन्हा कुणी विचारणार नाही हे ओघानेच आले.

नऊच्या पुढे वायव्येचा वारा लागू लागतो आणि एक चमत्कारिक गोष्ट नवख्याच्या लक्षात येते. तो सरळ जायचे म्हणतो, पण होडी वारंवार नाक समुद्राकडे वळवते. चालत्या कयाकचे पुढचे टोक पाण्यात घट्ट धरलेले असते आणि मागचे सैल. वारा मागचे टोक ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे फिरते. एका बाजूने जास्त वल्हे मारत राहिले तर दमछाक होते. त्याऐवजी होडी किंचित कलती धरली की ती वळते, किंवा मागे स्केग नावाची छोटी पाती पाण्यात उतरवली की शेपूट जागेवर राहते. मागून येणाऱ्या लाटा होडी उचलून पुढे सरकवतात. त्यावर स्वार होण्याचा आनंद मोठा असतो, पण नेमक्या याच वेळी सगळ्यांची पाठ एकमेकांकडे असते. पिछाडीचा माणूस उलटला तर पुढच्यांना कळतही नाही. म्हणून पाठीशी वारा असताना जोड्या मागेपुढे न राहता शेजारी-शेजारी चालतात.

कधीतरी कुणीतरी उलटतेच. तेव्हाचा पहिला नियम : होडी सोडायची नाही. रिकामी कयाक वाऱ्यावर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने जाते आणि पाण्यात दिसायलाही तीच सोपी असते. बंद कयाकमध्ये भोकावर ताणलेल्या स्प्रे स्कर्टची पुढची पट्टी ओढायची, पुढे वाकायचे आणि बाहेर सरकायचे. हे सहलीच्या आधीच उथळ पाण्यात केलेले असावे लागते. मग जोडीदार आपली होडी उलटलेल्या होडीच्या टोकाशी काटकोनात आणतो, ते टोक आपल्या होडीवर ओढून घेतो आणि आतले पाणी ओतून तिला सुलटे करतो. दोन्ही होड्या लगटून आडव्या धरल्या, की त्यांचा एक रुंद, न डुगडुगणारा तराफा होतो. पडलेला माणूस पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून, पोटावर सरकत होडीवर चढतो आणि मग वळून बसतो. सराव असलेली जोडी हे दोन-तीन मिनिटांत उरकते. वर बसायच्या कयाकमध्ये पाणी उपसायचे नसल्याने आणखी लवकर. बाकीच्यांनी मदतीला धावत गर्दी करायची नसते. नेता एकाला कामाला लावतो आणि उरलेल्यांना एकत्र, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबवतो, नाहीतर एकाचे पाहून दुसरा उलटतो. पडलेला थकला असेल तर त्याला ओढदोर लावतात. उन्हाने मळमळणारा किंवा लाटांनी हैराण झालेला माणूसही याच पद्धतीने काठावर पोहोचवला जातो, आणि त्यात कमीपणा मानायची गरज नसते.

पुळणीवर उतरणे हा दिसायला शेवटचा आणि सोपा भाग. अपघात मात्र इथेच जास्त. लाटा घोळक्याने येतात; चार-सहा मोठ्या गेल्या की थोडी उसंत मिळते. नेता आधी एकटा उतरतो आणि काठावरून वल्हे उभे करून एकेकाला बोलावतो. बोलावलेल्याने एका लाटेच्या पाठीवर, काठाला काटकोनात यायचे. होडी आडवी झाली की पुढची लाट तिला लोळवते. पडल्यावर होडी आणि किनारा यांच्या मध्ये उभे राहायचे नाही, कारण पाण्याने भरलेली कयाक दोन-अडीचशे किलोची होते आणि लाट ती गुडघ्यांवर आणून आदळते.

तयारीच्या गटासाठी अखेरचा टप्पा कर्ली नदीच्या मुखाचा. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी असलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. टोकाला दोन्ही पाणी भेटतात आणि पलीकडे भोगवे दिसते. ओहोटीला नदीचे पाणी वेगाने बाहेर पडते. त्याच वेळी समुद्राच्या लाटा आत येत असतात. उलट प्रवाहात शिरलेल्या लाटेची लांबी घटते, उंची वाढते, ती भिंतीसारखी उभी होते आणि उथळ वाळूवर जागच्या जागी फुटते. शिवाय प्रवाह उलटलेल्या माणसाला काठाकडे नव्हे, बाहेर नेतो. हीच जागा भरतीच्या शेवटी इतकी शांत असते की धोक्याचा संशयही येऊ नये. वेळ साधली तर गट सावकाश वळसा घालून नदीत शिरतो आणि आतल्या संथ पाण्यात देवबागच्या बाजूला उतरतो. थोडासा प्रवाह असेल तर नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपे ठेवून वल्हवतात. होडी तिरपी दिसते, पण जाते सरळ पलीकडे. मुखावर पांढरी रेघ दिसली तर चर्चा न करता अलीकडच्या पुळणीवर उतरायचे आणि होड्या उचलून पट्टीच्या नदीकडच्या बाजूला न्यायच्या. पट्टी अरुंद असल्याने ते चालते.

ज्यांना खुल्या समुद्राचा सराव नाही त्यांनी कर्लीच्या आतल्या पाण्यापासून सुरुवात करावी. वारा तिथेही लागतो, ओढ कळते, आणि चुकले तर काठ जवळ असतो. अशा दोन-चार सकाळी झाल्यावर समुद्रात आलेला माणूस गटाला ओझे होत नाही.

उतरल्यावर होड्या गोड्या पाण्याने धुतात. मीठ आणि वाळू स्केगच्या फटीत आणि झाकणांच्या रबरात राहिली तर पुढच्या वेळी कप्पा गळतो. एक गाडी आदल्या दिवशीच देवबागला आणून ठेवलेली असते, नाहीतर ओल्या कपड्यांनिशी रिक्षा शोधत बसावे लागते. पण त्याआधी नेत्याचे एक काम उरलेले असते. निघण्यापूर्वी त्याने किनाऱ्यावरच्या एका माणसाला गटातली नावे, होड्यांचे रंग, वाट आणि उतरायची वेळ लिहून दिलेली असते. माणसे मोजून झाली की त्याला फोन करायचा. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात हा फोन आला नाही, तर त्या माणसाने तटरक्षक दलाला १५५४ किंवा सागरी पोलिसांना १०९३ या क्रमांकावर कळवायचे, असे सांगून ठेवलेले असते.